डॉ. वसंत रामजी खानोलकर

दुधनीच्या बाजारात धान्याची पोती थप्पीला लागतात, तेव्हा प्रत्येक पोत्यावर धन्याची खूण असते. ती पुसली गेली, तर माल उत्तम असूनही तो कोणाचा हे सांगता येत नाही. रोगनिदानाच्या शास्त्रातही अशीच एक लहानशी खूण फार मोठे कार्य करते. त्या शास्त्राचा पाया भारतात ज्यांनी भक्कम केला, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे स्थान अग्रभागी आहे.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केली. परदेशात मानाचे जीवन लाभणे अशक्य नव्हते. तथापि ते स्वदेशी परतले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन करू लागले. १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली.

या प्रयोगशाळांतील काम मोठे चिकाटीचे असते. रुग्णाच्या शरीरातून काढलेला मांसाचा कण मेणाच्या ठोकळ्यात बसवितात, त्याचे केसाहूनही कितीतरी पातळ काप काढतात, ते काचपट्टीवर पसरून रंगवितात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काचपट्टी पेशी दाखविते; परंतु त्या पेशी कोणाच्या, हे ती सांगत नाही. ते सांगतो तिच्या टोकावरचा क्रमांक. दोन क्रमांकांची अदलाबदल झाली, तर निरोगी माणसावर शस्त्रक्रिया होईल आणि रोगी निश्चिंत मनाने घरी जाईल!

खानोलकरांनी १९४४ साली मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढील वर्षी त्यांनी लोकांच्या सवयींशी निगडित असे कर्करोगाचे तीन प्रकार जगापुढे मांडले. धोतर कमरेला घट्ट कसल्याने तेथील त्वचेला होणारा, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा आणि तंबाखू व चुना ओठात धरून ठेवणाऱ्यांच्या ओठाला होणारा, असे ते तीन प्रकार होत. पेशी काचेवर दिसतात, सवयी मात्र रुग्णाच्या कागदांवर नोंदलेल्या असतात. काच आणि कागद यांची गाठ घालून देणारा क्रमांक चुकला असता, तर असा कोणताही निष्कर्ष उभा राहिला नसता.

हा क्रमांक टिकविणेही सोपे नसते. काचपट्टी मद्यार्कात व झायलीन नावाच्या द्रवात बुडवावी लागते आणि साधी शाई तेथे विरून जाते. म्हणून काचेच्या खरखरीत टोकावर शिसपेन्सिलीने लिहिण्याची रीत पडली. आज अनेक प्रयोगशाळांत क्रमांक छापणारी यंत्रे आली आहेत. असे यंत्र निवडताना केवळ त्याचा वेग व किंमत पाहून भागत नाही. छापलेले अक्षर त्या द्रवांत टिकते काय, ते बारीक असूनही स्पष्ट वाचता येते काय आणि काप घेण्याच्या वेळीच, ठोकळ्यावरील क्रमांकाशी ताडून, एकेक काचपट्टी छापता येते काय, हे आधी पारखावे लागते. आगाऊ छापलेल्या काचपट्ट्यांचा ढीग हाताशी असला, की भलतीच काच उचलली जाण्याचे भय असते.

१९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे खानोलकर पहिले संचालक झाले. कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगाचाही त्यांनी सखोल अभ्यास केला. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. १९७८ साली त्यांचे निधन झाले.

मोठे शोध केवळ कुशाग्र बुद्धीने लागत नाहीत. त्यांना बिनचूक नोंदीचा आधार लागतो. प्रत्येक काचपट्टीच्या मागे एक माणूस उभा असतो, हे ज्याला विसरता येत नाही, तो तिच्यावरचा क्रमांक दोनदा वाचल्यावाचून पुढे जात नाही.