प्राचार्य आंबेडकर आणि एका तळ्याचा दावा

विधी महाविद्यालयांचे वार्षिक अहवाल चाळताना त्यांत एक ठरावीक मांडणी आढळते. कोणत्या प्राध्यापकाचे किती निबंध प्रसिद्ध झाले, कोण कोणत्या परिसंवादास उपस्थित राहिले, कोणाची कोणत्या समितीवर नेमणूक झाली, याची ती जंत्री असते. अशा नोंदी आवश्यकच आहेत. त्यांवाचून संस्थेचा हिशेब लागत नाही. परंतु कायदा शिकविणाऱ्याच्या विद्वत्तेचे मोजमाप एवढ्याने होते काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधणाऱ्याने १९३५ ते १९३८ या काळातील मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाकडे पाहावे. तेव्हा त्या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे होते. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब सर्वांस परिचित आहेत. कायद्याचे अध्यापक या नात्याने त्यांचा विचार मात्र क्वचितच होतो.

अध्यापनाशी त्यांचा संबंध जुना होता. १८९१ साली महू येथे जन्मलेल्या आणि कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाने १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. पुढे लंडनचा अभ्यासक्रम पुरा करून बॅरिस्टर होऊन ते १९२३ मध्ये परतले आणि त्यांनी वकिली सुरू केली. परंतु अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेल्या वकिलाकडे पैसेवाले अशील सहसा फिरकत नसत. त्यामुळे बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांस संसारास हातभार लावावा लागला. १९२८ च्या जूनमध्ये ते सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी सायमन आयोगाशी सहकार्य करणाऱ्या प्रांतिक समितीवर त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांच्या तासावर बहिष्कार टाकला. लोकमताच्या लाटेविरुद्ध उभे राहण्याची किंमत त्यांना वर्गातही मोजावी लागली.

या साऱ्या काळात एक दावा त्यांची पाठ सोडीत नव्हता. त्याचा उगम आजच्या रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला. रोहा तालुक्यातील खांब गावावरून जाणारा महामार्ग कोलाड, माणगाव असा दक्षिणेस उतरत महाडला पोहोचतो. त्या महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या सहस्रावधी अनुयायांसह पाणी प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही त्यास अनुसरून तळे खुले केले होते. कागदावरचा हा हक्क प्रत्यक्ष बजावण्यात आला, एवढेच त्या दिवशी घडले. परंतु तेवढ्याने गावात दंगल उसळली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींस मारहाण झाली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा काही स्पृश्य मंडळींनी न्यायालयात धाव घेतली. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी त्यास शिवू नये अशी पूर्वापार रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. सत्याग्रहासाठी हजारो माणसे जमली होती आणि त्यांची मने प्रक्षुब्ध होती. त्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्यात उतरण्याचा बेत बाबासाहेबांनी न्यायालयाच्या हुकमाचा मान राखून तहकूब करविला. तहानलेल्या समाजास थांबावयास सांगणे सोपे नव्हते. धर्मग्रंथाचा अधिकार झुगारणारा हा पुरुष न्यायालयाचा अधिकार मानीत होता, कारण त्या न्यायालयातच त्यास जिंकावयाचे होते.

दावा रेंगाळत राहिला. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने तो वादींविरुद्ध निकालात काढला. पुढे ठाण्यासही वादी हरले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ते तेथे प्रलंबित असतानाच, १ जून १९३५ रोजी, या दाव्यातील प्रतिवादी सरकारी विधी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. पत्नी रमाबाईंचे निधन होऊन तेव्हा पाचच दिवस लोटले होते. १८५५ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयात न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापकपदही त्यांच्याकडे आले. प्रवेशाचा दरवाजा ज्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या बंद होता, त्या समाजातील माणूस आता प्रांतातील भावी वकिलांस कायदा म्हणजे काय, हे सांगू लागला.

त्यांचे त्या काळातील विद्याव्यासंगाचे काम कोणत्याही अहवालास भूषण ठरावे असे आहे. ब्रिटिश राज्यघटनेवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी व्याख्याने तयार केली. १९३६ च्या जानेवारीत महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. कायद्याचे ज्ञान पोटापुरत्या पाठांतराने येत नाही, त्यास इतर विद्याशाखांची जोड हवी, अशी त्यांची धारणा होती. त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांस अध्यक्षीय भाषणासाठी पाचारण केले आणि भाषणाचा मसुदा पाहून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. जातिनिर्मूलनावरील हा ग्रंथ आज जगभर अभ्यासिला जातो.

कुलाब्याशी त्यांचा ऋणानुबंध तळ्यापुरता नव्हता. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांचा संप सुरू होता. खारेपाटातील शेती सहा वर्षे ओस पडली, तरी कुळे हटली नाहीत. बाबासाहेबांनी या शेतकऱ्यांची बाजू उचलून धरली. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये बसून कोकणातील कुळांचे पीक आणि वेठ वसूल करणाऱ्या खोताचा अधिकार नष्ट व्हावा, यासाठी १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी विधिमंडळात विधेयक मांडले. खोतास नुकसानभरपाई आणि कुळास जमिनीचा हक्क, अशी त्याची रचना होती. ते संमत झाले नाही. खोती जाण्यास १९४९ चा कायदा यावा लागला.

चवदार तळ्याचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. सव्वानऊ वर्षांनी विजय मिळाला. पण तो कोणत्या आधारावर मिळाला, हे कायद्याच्या विद्यार्थ्याने ध्यानी घेतले पाहिजे. रूढीस कायद्याचे बळ येण्यासाठी ती अनादी काळापासून चालत आलेली असावी लागते. वादींस ते सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. ते सिद्ध झाले असते तर अशी रूढी अन्याय्य वा नीतिविरोधी म्हणून रद्द ठरली असती काय, या प्रश्नात शिरण्याचे न्यायालयास कारणच उरले नाही. म्हणजे तळे मोकळे झाले. परंतु पुराव्याने भक्कम असलेल्या दुसऱ्या एखाद्या गावच्या रूढीपुढे तेथील अस्पृश्याचे काय व्हावे, हे अनिर्णितच राहिले.

१९३८ मध्ये बाबासाहेबांनी प्राचार्यपद सोडले. त्या अनिर्णित प्रश्नाचे उत्तर २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेत सापडते. अनुच्छेद १३ ने कायद्याच्या व्याख्येत रूढी व परिपाठ यांचाही समावेश केला आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढ्यापुरता असा कायदा शून्य ठरविला. अनुच्छेद १५ ने विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नामनिर्देशपूर्वक उल्लेख केला. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. रूढी किती जुनी आहे, हा प्रश्न आता गौण झाला. ती माणसास समान लेखते की नाही, हा प्रश्न प्रमुख झाला. घटना अनेकांच्या श्रमांतून सिद्ध झाली, हे खरेच. तथापि मसुदा समितीच्या अध्यक्षाने एका तळ्यासाठी सव्वानऊ वर्षे प्रतिवादी म्हणून काढली होती, हेही विसरता येत नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले होते. आज गावोगावी विधी महाविद्यालये निघाली आहेत आणि शेतकऱ्यांची, कारागिरांची मुले तेथे येत आहेत. त्यांच्या अध्यापकांनी निबंध अवश्य लिहावेत, परिसंवादांसही जावे. परंतु आपल्या तालुक्यात कोणता पाणवठा, कोणती वाट, कोणती जमीन आजही कागदावरच खुली आहे, याचीही नोंद त्यांच्या विद्येत असावी. तशी नोंद असलेला अहवाल विद्यापीठास पुरेसा वाटेल की नाही, सांगता येत नाही. महाडच्या त्या प्रतिवादीस मात्र तोच वाचनीय वाटला असता.