सर दोराबजी टाटा आणि शाळांची मैदाने

पावसाळा ओसरू लागला म्हणजे शाळेच्या फळ्यावर क्रीडास्पर्धांची सूचना लागते. प्रथम तालुका, मग जिल्हा, त्यानंतर अमरावती विभाग व शेवटी राज्य, अशी ही शिडी आहे. सूचना वाचून चार-दोन मुलांचे डोळे चमकतात. पण वर्गातील इतरांना त्याचे काही वाटत नाही. कोणाची शिकवणी असते, कोणाची चाचणी जवळ आलेली असते, कोणाच्या घरून परवानगी मिळत नाही. सामन्याच्या दिवशी प्रतिपक्षाचा संघच येत नाही, आणि आपल्या संघास न खेळताच पुढे चाल मिळते. असा विजय घरी येऊन सांगावयासही संकोच वाटतो. लहान गावांतील शालेय सामन्यांस अशी उतरती कळा लागली असताना, ज्या गृहस्थांनी शाळाशाळांमधील सामने भरविण्यापासून आरंभ करून हिंदुस्थानास ऑलिंपिकच्या मैदानापर्यंत नेले, त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित होईल. ते गृहस्थ म्हणजे सर दोराबजी टाटा होत.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईस झाला. प्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे ते ज्येष्ठ पुत्र. मुंबईतील शालेय शिक्षण झाल्यावर वडिलांनी त्यांस १८७५ साली इंग्लंडला धाडिले. पुढे केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात ते दोन वर्षे होते. तेथे त्यांनी पुस्तकांइतकीच मैदानाशीही मैत्री जोडिली. क्रिकेट व फुटबॉल यांत त्यांनी नाव मिळविले, आणि धावणे, वल्हविणे, टेनिस व अश्वारोहण यांतही ते मागे राहिले नाहीत. १८७९ साली ते स्वदेशी परतले व मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात दाखल होऊन १८८२ साली पदवीधर झाले.

परदेशातून येणारा मनुष्य काही ना काही बरोबर आणतो. दोराबजींनी मुंबईस आणिली ती एक कल्पना. कॉलेजा-कॉलेजांत ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नियमांनी व पंचांच्या समक्ष सामने होतात, म्हणूनच तेथील तरुण वर्षभर नेटाने सराव करितात, ही गोष्ट त्यांनी केंब्रिजला डोळ्यांनी पाहिली होती. आपल्याकडील मुलांच्या अंगी चापल्य नव्हते असे नाही. उणीव होती ती अशा योजनेची. म्हणून काही इंग्रज स्नेह्यांच्या साह्याने त्यांनी मुंबईतील अनेक हायस्कुलांची मिळून एक क्रीडासंस्था उभी केली व तिच्या चिटणिसाचे काम स्वतः पत्करिले. प्रथम क्रिकेटचे सामने सुरू झाले. मग धावण्याच्या व उड्यांच्या शर्यतींची संमेलने भरू लागली.

चिटणिसाचे काम म्हणजे काय, हे ज्याने ते केले आहे तोच जाणतो. शाळांना पत्रे लिहावयाची, तारखा जुळवावयाच्या, पंच मिळवावयाचे, मैदान आखावयाचे, तक्रारी ऐकावयाच्या आणि बक्षिसे वाटून होताच पुढील वर्षाच्या तयारीस लागावयाचे! या कामात टाळ्या थोड्या व दगदग फार. धनवंताच्या पुत्राने एक ढाल देणगीदाखल देऊन नाव कमाविले असते तरी लोकांनी त्याची वाहवाच केली असती. दोराबजींनी दगदगीचे काम निवडिले, यातच त्यांचे मोठेपण दिसते.

त्यांच्या आयुष्यक्रमाचा आपल्या प्रांताशीही संबंध आला. सुमारे दोन वर्षे वृत्तपत्रात काम केल्यावर ते वडिलांच्या व्यवसायात शिरले, आणि कापडाच्या धंद्याचे शिक्षण घेण्यासाठी त्यांस नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये पाठविण्यात आले. १८७७ साली सुरू झालेल्या या गिरणीची जागा निवडताना जमशेटजींनी कापसाचा मुलूख जवळ असल्याचे मुद्दाम पाहिले होते. पुढे लोखंडाच्या खाणींचा शोध करीत असता दोराबजी निराश होऊन नागपूरच्या सरकारी कचेरीत गेले. अधिकाऱ्यांची वाट पाहावी लागली, तेव्हा वेळ घालविण्याकरिता ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्यप्रांताचा एक भूस्तरनकाशा टांगलेला होता. त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाच्या खुणा दाखविलेल्या त्यांच्या दृष्टीस पडल्या, आणि सोडून देण्याच्या बेतात असलेला शोध पुन्हा सुरू झाला. त्या नकाशासमोरून कितीतरी लोक रोज जात असतील. परंतु त्याचा अर्थ शोधणाऱ्यालाच कळला.

जमशेटजी १९०४ साली निवर्तले. त्यांचे अपुरे संकल्प तडीस नेण्याचा भार दोराबजींवर पडला. १९०७ साली टाटा लोखंड व पोलाद कंपनी स्थापन झाली आणि १९१२ साली साकची येथे पोलाद निघू लागले. त्याच गावाचे पुढे जमशेदपूर झाले. १९१० साली त्यांस सर ही पदवी मिळाली. एवढ्या व्यापात बुडालेला मनुष्य मैदान विसरला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता. पण दोराबजींस त्याचा विसर पडला नाही.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने मैदानी शर्यती भरविल्या व अध्यक्षपद दोराबजींस दिले. शर्यतीस उतरलेले बहुतेक तरुण शेतकऱ्यांचे मुलगे होते. शेतात राबणारे, साधी भाकरी खाणारे व अनवाणी धावणारे. युरोपीय नियमांची त्यांस माहिती नव्हती आणि शास्त्रोक्त शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते. शंभर यार्डांची शर्यत सरळ रेषेत धावावयाची असते, हेही तेथे ध्यानात आणून द्यावे लागले. परंतु लांब पल्ल्याच्या शर्यतीत घड्याळ लावून पाहता त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेशी तुलना करण्याजोगी निघाली. दोराबजींनी ते पाहिले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड तेथे उपस्थित होते. पुढच्याच वर्षी अँटवर्प येथे भरणाऱ्या ऑलिंपिक सामन्यांस आपले खेळाडू धाडावे, अशी सूचना दोराबजींनी त्यांजपुढे मांडिली.

१९२० साली चार धावपटू व दोन कुस्तीगीर अँटवर्पला गेले, आणि त्यांतील काहींचा खर्च दोराबजींनी स्वतः सोसला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्या वेळी पदक मिळाले नाही, तरी कच्च्या वाटेवर अनवाणी धावणारा तरुण जगाच्या शर्यतीत पूर्ण अंतर कापू शकतो, हे सिद्ध झाले. पुढे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शारीरिक शिक्षणतज्ज्ञांच्या सहकार्याने प्रांतोप्रांती क्रीडासंस्था निर्माण झाल्या, १९२४ च्या फेब्रुवारीत दिल्ली येथे अखिल भारतीय सामने झाले, आणि १९२७ साली इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन होऊन दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे हॉकीचे सुवर्णपदक भारतास मिळाले.

त्यांच्या पत्नी मेहेरबाई याही खेळाडू होत्या. त्या साडी नेसून टेनिस खेळत व बक्षिसे मिळवीत. मुलींनी मैदानावर येणे शोभत नाही असे मानणाऱ्यांस त्यांनी वादाने नव्हे, खेळाने उत्तर दिले. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. दोराबजींस अपत्य नव्हते. त्यांनी आपली सारी संपत्ती १९३२ साली लोकोपयोगी कार्यांकरिता विश्वस्तांच्या हाती सोपविली. त्याच वर्षी ३ जून रोजी युरोपच्या प्रवासात असता जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचा अंत झाला. इंग्लंडमध्ये ब्रुकवुड येथील दफनभूमीत पतिपत्नी शेजारी-शेजारी विसावली आहेत.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? त्यांच्याजवळ धन होते, आपल्याजवळ नाही, असे म्हणून पुस्तक मिटणे सोपे आहे. पण मुंबईच्या शाळांत त्यांनी पहिले काम केले ते मुख्यतः धनाचे नव्हते. ते योजनेचे व चिकाटीचे होते. दोन शाळांनी वर्षातून चार शनिवार ठरवावेत, एका शिक्षकाने शिटी घ्यावी, मोठ्या मुलांनी फक्की टाकून मैदान आखावे, यास किती पैसा लागतो?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. दोराबजींच्या नंतर ऑलिंपिकची शिडी वर वर चढत गेली, परंतु तिच्या खालच्या पायऱ्यांकडे लक्ष तितके राहिले नाही. आज दहावीस खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, ही सवलत चांगली आहे. पण खेळ गुणांसाठीच उरला तर नववीपर्यंत मैदान ओस आणि दहावीत केवळ प्रमाणपत्राची धावपळ, असे व्हावयाचे. आपला वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला. तेव्हापासून येथील मुलांना जिल्ह्याचा संघ आपला स्वतःचा मिळाला. त्या संघात निवडून येण्यासाठी चुरसच नसेल, तर त्या मानास अर्थ काय? आणि वऱ्हाडास ही परंपरा परकी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले आणि १९३६ साली त्याचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ दाखवून आले.

पालकवर्गासही एक नम्र विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी सायंकाळी धुळीने माखून घरी आली, तर तो तास वाया गेला असे समजू नये. सामन्यात हरून दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावास जाणे हा जो धडा आहे, तो कोणत्याही शिकवणीत मिळत नाही. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा व वाशीम या सहाही तालुक्यांत कापसाच्या व सोयाबीनच्या शेतांतून शाळेस पायी येणारी मुले आहेत. पुण्याच्या मैदानावर १९१९ साली दोराबजींनी पाहिले ते पाय अशाच मुलांचे होते. ते पाय आजही आहेत. त्यांच्यासाठी रेषा आखून, घड्याळ हाती घेऊन उभा राहणारा मनुष्य मात्र हवा आहे. तो आपल्यापैकी कोणी व्हावा, म्हणजे सर दोराबजींचे स्मरण सार्थ होईल.