गौतमीपुत्र सातकर्णी : मातेने कोरविलेला राजा

रोमचा सम्राट ऑगस्टस याने आपल्या कर्तृत्वाचा वृत्तान्त स्वतःच लिहून ठेवला. आजच्या तुर्कस्तानातील अंकारा येथे तो दगडावर कोरलेला आढळतो. आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर राज्य केलेल्या गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी मात्र त्याच्या मातेने, गौतमी बलश्रीने, कोरविली. तीही विजयस्तंभावर नव्हे, तर नाशिकच्या त्रिरश्मी बुद्धलेण्यांतील भिक्खूंच्या विहारात. ज्या लेण्यांना लोक अजूनही पांडवलेणी म्हणतात, त्यांचा पांडवांशी काहीही संबंध नाही. तेथील शिलालेख प्राकृत भाषेत, धम्मलिपीत आहेत आणि त्यांत सातवाहनांचा इतिहास सुरक्षित राहिला आहे.

बहुतेक अभ्यासक गौतमीपुत्राचा काळ इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात मानतात. या गणनेनुसार रोममध्ये तेव्हा ट्राजन आणि हेड्रियन यांची सत्ता होती. रोमन साम्राज्यातील जहाजे मोसमी वाऱ्यांवर आपल्या पश्चिम किनाऱ्याला येत. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदरापर्यंत जाई. त्यात तेरचे सुती कापड विशेष असे. भारताकडे वाहत जाणाऱ्या संपत्तीबद्दल रोमन लेखक प्लिनीने तक्रार नोंदविली आहे. ही बंदरे आणि तेथे जाणारे घाटमार्ग ज्याच्या हाती, त्याच्या हाती वैभव. क्षहरात वंशातील शक क्षत्रप नहपान याने सातवाहनांचा हा प्रदेश जिंकून घेतला होता.

गौतमीपुत्राने नहपानाची सत्ता नष्ट केली. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी ९ हजारांवर नाण्यांवर, नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविलेला आहे. मूळचा मुखवटा आणि अक्षरे अनेक नाण्यांवर पुसट का होईना, दिसतात.

नहपानाचा जावई उषवदात यानेही याच त्रिरश्मीवर भिक्खूंसाठी लेणे कोरविले होते. राजसत्ता बदलली, तरी संघाचा आश्रय थांबला नाही. राज्याच्या १८ व्या वर्षी गौतमीपुत्राने विजयी सैन्याच्या छावणीतून आज्ञा पाठविली आणि पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेली २०० निवर्तने जमीन येथील भिक्खूंना दिली. त्या जमिनीत सैनिकांनी शिरू नये, अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप करू नये, असा बंदोबस्तही केला. पुढे ते गाव ओस असून शेत कोणी कसत नाही, असे आढळले. तेव्हा २४ व्या वर्षी राजाने व राजमातेने मिळून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीची १०० निवर्तने जमीन त्याबदली दिली. दान केवळ नावापुरते राहू नये, याची ही काळजी आम्हांस त्याच्या विजयांइतकीच मोलाची वाटते.

त्याच्या निधनानंतर, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षी, वृद्ध बलश्रीने हे लेणे भदावनीय भिक्खूंना अर्पण केले आणि लेखात पुत्राचे गुण नोंदविले. त्याच्या अधिपत्याखालील प्रदेशांत आपल्या विदर्भाचेही नाव आहे. तो प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होई, न्याय्य करच घेई, अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्यास रुचत नसे, आणि मातेची सेवा करी, असे ती सांगते. याच लेखात त्याने चार वर्णांचा संकर थांबविला, हेही गौरवाने नमूद आहे.

ही ओळ आपण डोळ्यांआड करू नये. संघाला दान दिले म्हणून गौतमीपुत्राला बौद्ध राजा ठरविणे, अथवा वर्णव्यवस्थेचा रक्षक म्हणून त्याचे दान नाकारणे, या दोन्ही गोष्टी सोप्या, आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. समतेचा मार्ग सांगणाऱ्या बुद्धाच्या संघाला जमीन देणाऱ्याच राजाच्या प्रशस्तीत वर्णभेदाचा अभिमान शिरतो, यातच त्या काळाचे खरे रूप आहे. विषमता किती खोल रुजली होती, याचा हा दगडी पुरावा होय. आणि तिच्या मर्यादेचाही पुरावा लेण्यांतच मिळतो : कान्हेरीच्या एका शिलालेखावरून असे दिसते की, सातवाहन घराण्यातील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी शक महाक्षत्रपाची कन्या होती. ज्यांचा संहारक म्हणून गौतमीपुत्राचा गौरव झाला, त्या शकांची लेक त्याच्याच घराण्याची सून झाली. संकर थांबला नाही. थांबल्याची प्रौढी तेवढी कोरली गेली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय इतिहासाकडे पाहण्याची जी चिकित्सक दृष्टी दिली, ती हीच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपूर नगरीत धम्माचा स्वीकार करणाऱ्यांच्या लेकरांना लेण्यांचा अभिमान जरूर असावा. पण त्या भिंतीवरील प्रत्येक ओळ वाचण्याचे धैर्यही असावे. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना त्रिरश्मीवर न्यावे, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यासमोर उभे करावे आणि गौतमीपुत्राची संपूर्ण कथा सांगावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.