तारांकित गणिती : स्टीफन क्लेनी

थोर माणसांची चरित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर देशभक्त, संत किंवा साहित्यिक उभे राहतात. मग एका गणितज्ञाचे चरित्र, तेही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने का लिहावे, असे वाचकांना वाटेल. त्याला कारण घडले टेलिफोन नंबरांची एक यादी.

मे महिन्याच्या सुट्टीत मी एका अडत दुकानात कामाला होतो. उधारीवाल्यांची जुनी वही कॉम्प्युटरवर उतरवायची होती. गिरण्या आणि कचेऱ्यांच्या नंबरांपुढे कोठे 'एक्स्टेन्शन', कोठे नुसता 'एक्स', तर कोठे तिरपी रेघ आणि मग 24 किंवा 207 असे आकडे होते. यादी साफसूफ दिसावी म्हणून मी सगळी अक्षरे आणि रेघा एकदम काढून टाकल्या. झाले! एक्स्टेन्शनचे आकडे मूळ नंबराला चिकटले आणि वसुलीचा एकही फोन लागेना. दिवाणजी रागावले नाहीत, त्यांनी नुसती वही माझ्यापुढे सरकवली. मला मात्र रात्री जेवण गेले नाही. सुदैवाने पहिल्या यादीची प्रत शिल्लक होती. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या आतेभावाने एका ओळीचा नियम लिहिला आणि सगळे नंबर एका रकान्यात, एक्स्टेन्शन दुसऱ्या रकान्यात जाऊन बसली. अशा नियमाला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. त्याचे जनक म्हणजे स्टीफन कोल क्लेनी.

क्लेनी यांचा जन्म 5 जानेवारी 1909 रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक, तर आई कवयित्री. मेन राज्यात त्यांच्या घरची शेती होती. तेथल्या मोकळ्या हवेची आणि डोंगर चढण्याची ओढ त्यांना जन्मभर राहिली. 1930 साली ते अॅमहर्स्ट कॉलेजातून पदवीधर झाले आणि 1934 साली प्रिन्स्टन विद्यापीठात अलोन्झो चर्च यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी आजच्यासारखे कॉम्प्युटर नव्हते. तरीही ठरावीक पायऱ्यांनी कोणती आकडेमोड करता येते आणि कोणती कधीच करता येत नाही, हा प्रश्न या मंडळींनी हाती घेतला होता. चर्च यांच्या नव्या पद्धतीत संख्येतून एक वजा कसा करावा, हे खुद्द गुरूंनाच सापडत नव्हते. शाळकरी पोर बोटांवर करील ते! शिष्याने ते सोडवले. दंतवैद्याकडे अक्कलदाढ काढून घेत असताना ती युक्ती सुचली, असे सांगितले जाते.

1935 साली क्लेनी विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवू लागले. महायुद्धाच्या काळात त्यांनी नौदलात नौकानयनशास्त्र शिकवले आणि युद्ध संपल्यावर ते पुन्हा विद्यापीठात परतले. 1951 च्या उन्हाळ्यात ते रँड या संशोधन संस्थेत गेले. मॅक्कलक आणि पिट्स या दोघांनी 1943 साली मज्जापेशींच्या जाळ्याचे एक गणिती चित्र मांडले होते. असे मर्यादित जाळे कोणकोणत्या क्रमांची ओळख पटवू शकेल, असा प्रश्न क्लेनी यांच्यापुढे होता. त्यांनी सिद्ध केले की, तीन क्रियांनी जे बांधता येते तेवढेच आणि नेमके तेच. पहिली क्रिया म्हणजे एकामागून एक ठेवणे, दुसरी म्हणजे हे किंवा ते, आणि तिसरी म्हणजे तेच पुन्हा पुन्हा. या तिसऱ्या क्रियेसाठी ताऱ्याचे चिन्ह वापरतात आणि आजही त्याला क्लेनी तारा म्हणतात. हा निबंध 1956 साली छापून आला. 'रेग्युलर' हे नाव त्यांचे त्यांनाच फारसे पसंत नव्हते, म्हणून याहून चांगले नाव सुचवा, असे त्यांनी वाचकांनाच सांगून ठेवले. पण तेच नाव रूढ झाले.

पुढे 1968 साली केन थॉम्प्सन यांनी कॉम्प्युटरमध्ये मजकूर शोधण्यासाठी ही कल्पना कशी वापरावी, ते प्रसिद्ध केले. योगायोग असा की थॉम्प्सन बेल लॅबोरेटरीजमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीच्याच प्रयोगशाळेत काम करीत होते!

आता माझ्या यादीकडे पाहा. आधी आकड्यांची रांग. त्यानंतर 'एक्स्टेन्शन' किंवा 'एक्स' किंवा तिरपी रेघ. त्यानंतर पुन्हा थोडे आकडे. आणि हा सगळा मागचा भाग असेल किंवा मुळीच नसेल. त्याच तीन क्रिया! ज्याच्याकडे एक्स्टेन्शन नाही, त्याच्या नंबरालाही या नियमात जागा आहे. मी अक्षरे पुसून टाकली तेव्हा नेमकी खूणच पुसली होती. नंबर कोठे संपतो आणि एक्स्टेन्शन कोठून सुरू होते, हे सांगणारे दुसरे काही उरलेच नव्हते. अर्थात वहीत आकडाच चुकीचा लिहिला असेल, तर तो कोणत्याही नियमाला ओळखता येणार नाही. तेथे दिवाणजींची आठवणच उपयोगी पडते.

क्लेनी 1979 साली निवृत्त झाले. 1990 साली त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले आणि 25 जानेवारी 1994 रोजी मॅडिसन येथे त्यांचे निधन झाले. आपल्या आडनावाचा उच्चार ते स्वतः 'क्लेनी' असा करीत, तरी 'क्लीन' म्हणणारेच पुष्कळ.

मित्रहो, याचा परीक्षेत किंवा नोकरीत काय उपयोग, असे आपण प्रत्येक विषयाला विचारतो. मीही विचारत असे. मज्जापेशींचा विचार करणाऱ्या या प्राध्यापकाला आपले गणित एके दिवशी एका अडत दुकानाची वसुली सोडवील, हे स्वप्नातही आले नसेल. यादी नीट झाल्यावर मी पहिला फोन एका गिरणीला लावला आणि 24 नंबर मागितला. पलीकडून कोणीतरी लगेच बोलले. अशा या थोर गणितज्ञाला माझे विनम्र अभिवादन!