शाळा सोडून पक्षाच्या स्वयंसेवकांत : शास्त्रीजींच्या राजकारणाचा आरंभ

वाराणसीसमोर गंगेच्या पैलतीरावर वसलेले रामनगर काशीनरेशांच्या किल्ल्यासाठी आणि रामलीलेसाठी प्रसिद्ध आहे. याच गावातील एका साध्या घराशी भारताचे दुसरे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे नाव जोडले गेले आहे. ते त्यांच्या वडिलांच्या घराण्याचे घर असून आज संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले आहे. शास्त्रीजींच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ मात्र नदीपलीकडे, काशी शहरात झाला. त्यावेळी ते सोळा वर्षांचे शाळकरी विद्यार्थी होते.

लालबहादूर यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी मुगलसराय येथे, आजोळी झाला. वडील शारदाप्रसाद हे आधी शिक्षक होते व पुढे महसूल खात्यात कारकून झाले. लालबहादूर जेमतेम दीड वर्षाचे असताना प्लेगने त्यांचा मृत्यू झाला. आई रामदुलारी देवी मुलांना घेऊन माहेरी राहिल्या. पुढील शिक्षणासाठी लालबहादूर वाराणसीला आले आणि हरिश्चंद्र हायस्कूलमध्ये दाखल झाले. जातीचे द्योतक असलेले आडनाव त्यांनी विद्यार्थिदशेतच टाकून दिले. शिक्षण पूर्ण करून मुलाने नोकरी धरावी व घराला आधार द्यावा, ही नातेवाइकांची अपेक्षा स्वाभाविक होती.

नागपूरचा ठराव, काशीची सभा

डिसेंबर १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले. सरकारी शाळा-महाविद्यालयांवरील बहिष्कार हा त्यातील महत्त्वाचा भाग होता. याच अधिवेशनात पक्षाची घटनाही बदलली. भाषावार प्रांतिक समित्या आणि त्यांच्याखाली जिल्हा व तालुका समित्या अशी रचना ठरली. वार्षिक वर्गणी चार आणे राहिली. वर्षातून एकदा भरणारी परिषद हे काँग्रेसचे रूप मागे पडून गावोगावी काम करणाऱ्या पक्षाला आकार येऊ लागला.

या नव्या काँग्रेसचा पुकारा घेऊन महात्मा गांधी जानेवारी १९२१ मध्ये काशीत आले. त्यांच्या सभेला लालबहादूर उपस्थित होते. ते दहावीत होते आणि अंतिम परीक्षेला अवघे तीन महिने उरले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शाळा सोडली व काँग्रेसच्या स्थानिक शाखेत स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवले.

विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडावे की नाही, याविषयी राष्ट्रीय नेत्यांमध्येही एकमत नव्हते. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय यांना हा बहिष्कार मान्य नव्हता. याउलट, त्याच विश्वविद्यालयातील अध्यापक जे. बी. कृपलानी नोकरी सोडून काही विद्यार्थ्यांसह चळवळीत उतरले होते. काशीतील तरुण स्वयंसेवकांना त्यांचेच मार्गदर्शन लाभले. लालबहादूर निदर्शनांत आणि पिकेटिंगमध्ये भाग घेऊ लागले. लवकरच त्यांना अटक झाली; मात्र अल्पवयीन असल्याने सोडून देण्यात आले.

काशी विद्यापीठातील वर्षे

शाळा सोडलेल्या मुलांच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर म्हणून बाबू शिवप्रसाद गुप्त आणि डॉ. भगवानदास यांच्या पुढाकाराने काशी विद्यापीठ उभे राहिले. १० फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गुप्त यांनीच आदल्या वर्षी 'आज' हे हिंदी दैनिक सुरू केले होते. मराठी कुळातील संपादक बाबूराव विष्णु पराडकर यांनी पुढे या दैनिकाला लौकिक मिळवून दिला.

फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथील हिंसाचारानंतर गांधीजींनी असहकाराची चळवळ मागे घेतली. देशभरातील अनेक विद्यार्थी सरकारी शाळांत परतले. लालबहादूर परतले नाहीत. राष्ट्रीय विद्यापीठाच्या पदवीवर सरकारी नोकरी मिळणार नाही, हे उघड होते. तरीही त्यांनी तेथेच तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि १९२५ मध्ये प्रथम श्रेणीत 'शास्त्री' ही पदवी मिळवली. पुढे हीच पदवी त्यांच्या नावाचा भाग झाली.

स्वयंसेवक ते पंतप्रधान

पदवीनंतर ते लाला लजपतराय यांच्या लोकसेवक मंडळात सामील झाले आणि अस्पृश्यता निवारणाच्या कामाला लागले. १९२८ मध्ये मिर्झापूरच्या ललितादेवी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हुंडा म्हणून त्यांनी एक चरखा आणि थोडी खादी एवढेच स्वीकारले. त्यानंतर अलाहाबाद ही त्यांची कर्मभूमी ठरली. तेथील जिल्हा काँग्रेस समितीचे ते आधी चिटणीस व नंतर अध्यक्ष झाले. मिठाच्या सत्याग्रहापासून १९४२ च्या लढ्यापर्यंत त्यांनी वेळोवेळी तुरुंगवास भोगला.

१९३७ मध्ये ते प्रांतिक विधिमंडळात निवडून आले. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशचे मंत्री, पक्षाचे सरचिटणीस आणि केंद्रात रेल्वेमंत्री अशा जबाबदाऱ्या त्यांनी सांभाळल्या. १९५६ मध्ये अरियालूर येथील भीषण रेल्वे अपघाताची नैतिक जबाबदारी स्वीकारून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ९ जून १९६४ रोजी ते पंतप्रधान झाले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण त्यांच्यासोबत होते. जवान आणि शेतकरी यांचा एकत्रित जयजयकार करणारी त्यांची घोषणा याच काळातली. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद कराराव​र स्वाक्षरी झाली आणि त्याच रात्री, ११ जानेवारीच्या पहाटेपूर्वी, शास्त्रीजींचे तेथेच निधन झाले. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

देशाच्या सर्वोच्च कार्यकारी पदापर्यंत गेलेल्या या नेत्याची पक्षातील पहिली नोंद एका स्थानिक शाखेच्या स्वयंसेवकाची होती. त्या नोंदीसाठी एका विधवा मातेच्या मुलाने हातातोंडाशी आलेली परीक्षा सोडली होती. पुढे पदे आली आणि गेली. शास्त्रीजींचे राहणे मात्र अखेरपर्यंत त्या स्वयंसेवकासारखेच साधे राहिले.