तीन अंतिम सामने, एक गोल : गोलरक्षक शंकर लक्ष्मण

बंगळुरू : भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या येथील केंद्रात राष्ट्रीय हॉकी संघाचे शिबिर भरते, तेव्हा गोलरक्षक शिरस्त्राण, छातीवर कवच आणि फोमचे जाड पॅड चढवून कृत्रिम मैदानावर उतरतात. शंकर लक्ष्मण यांच्या काळी मैदान गवताचे असे आणि गोलरक्षकाचा चेहरा उघडा. क्रिकेटच्या धाटणीचे पॅड आणि साधे हातमोजे एवढ्याच साहित्यावर ते सलग तीन ऑलिम्पिकचे अंतिम सामने खेळले. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान होता. या तिन्ही सामन्यांत मिळून त्यांच्यावर झालेला गोल एकच.

मध्य प्रदेशातील महू या छावणीच्या गावी ७ जुलै १९३३ रोजी त्यांचा जन्म झाला. १९४७ मध्ये, कोवळ्या वयातच, ते लष्कराच्या बँड पथकात दाखल झाले. पुढे मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन हेच त्यांचे घर झाले. आरंभीची ओढ फुटबॉलची होती. हॉकीची काठी नंतर हाती आली.

सेनादलाच्या संघातून पुढे येत त्यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकसाठी भारतीय संघात स्थान मिळविले. त्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. अंतिम सामन्यात रणधीरसिंग जेंटल यांच्या एकमेव गोलवर सुवर्णपदक मिळाले.

रोममध्ये १९६० साली चित्र उलटले. पूर्वार्धात नसीर अहमद यांनी मारलेला गोल निर्णायक ठरला आणि १९२८ पासून सलग सहा सुवर्णपदके जिंकणाऱ्या भारताला प्रथमच रौप्यपदक स्वीकारावे लागले. पराभव म्हटला की गोलरक्षकाला चुकलेला चेंडूच डोळ्यांपुढे येतो. आघाडीच्या फळीलाही त्या दिवशी एक गोल साधला नव्हता, याची आठवण सहसा कोणी काढत नाही.

चार वर्षांनी टोकियोत हिशेब चुकता झाला. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला. त्यानंतर बरोबरी साधण्यासाठी पाकिस्तानने हल्ल्यांमागून हल्ले चढविले, पण लक्ष्मण यांनी चेंडू जाळ्यात जाऊ दिला नाही. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. १९६६ मध्ये बँकॉकच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कर्णधारपद त्यांच्याकडे आले. गोलरक्षकाकडे राष्ट्रीय संघाचे नेतृत्व जाणे तेव्हा अपूर्वच होते. अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० असे नमवून भारताने या स्पर्धेतील हॉकीचे पहिले सुवर्ण पटकावले. १९६७ मध्ये पद्मश्री किताबाने त्यांचा गौरव झाला.

असे असूनही १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी त्यांना वगळण्यात आले. वय पस्तिशीला आले होते हे खरे; तरी दोन वर्षांपूर्वीच्या विजयी कर्णधाराला घरी ठेवण्याचे समर्थन करणे कठीण आहे. त्या ऑलिम्पिकमध्ये भारत प्रथमच अंतिम फेरीबाहेर राहिला आणि कांस्यपदकावर थांबला. लक्ष्मण यांनी हॉकीला रामराम ठोकला.

१९७९ मध्ये कॅप्टन या हुद्द्यावरून लष्करातून निवृत्त होऊन ते महूला परतले. अखेरच्या काळात पायाला गँगरीन झाले आणि आर्थिक ओढाताणही सोसावी लागली. ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदके मिळविणाऱ्या या खेळाडूच्या हलाखीची वृत्ते तेव्हा वर्तमानपत्रांतून झळकली. २९ एप्रिल २००६ रोजी महूतच त्यांचे निधन झाले. लष्करी इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.