कळफलकाचे जनक : ख्रिस्तोफर लॅथम शोल्स

परीक्षा संपली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ऑनलाइन खेळांसाठी कोणता कीबोर्ड घ्यावा, माउस कसला घ्यावा? मुले दुकानातल्या रंगीत दिव्यांची वर्णने करतात, पालक किमतीचा आकडा सांगून आमच्याकडे पाहतात. दुकानांची नावे सांगत बसण्यापेक्षा, ज्या गृहस्थाने हा कळफलक जन्माला घातला त्याचे चरित्र या अंकात द्यावे असे आम्ही ठरवले. कीबोर्ड कसा पारखावा हे त्याच्या आयुष्यातून जितके कळते तितके जाहिरातीतून कळत नाही.

ख्रिस्तोफर लॅथम शोल्स यांचा जन्म 14 फेब्रुवारी 1819 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मूर्सबर्ग या लहानशा गावी झाला. शाळा सुटल्यावर त्यांना एका छापखान्यात उमेदवारीला ठेवण्यात आले. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, ओळ बांधायची, पान छापायचे, हे काम त्यांच्या बोटांत लहानपणीच मुरले. 1837 च्या सुमारास ते भावांच्या पाठोपाठ विस्कॉन्सिनमध्ये गेले. तो मुलूख तेव्हा नुकताच वसत होता. तेथे त्यांनी वृत्तपत्रे चालवली, संपादन केले आणि राजकारणातही उतरले.

त्यांच्या चरित्रातला एक भाग टंकयंत्राच्या गोष्टीत सहसा येत नाही, तो आम्हाला मुद्दाम सांगावासा वाटतो. 1851 मध्ये विस्कॉन्सिनमधील केनोशा येथे एका माणसाला हजारो लोकांसमोर फाशी देण्यात आली. ते सारे इतके भयंकर झाले की शोल्स यांनी आपल्या वृत्तपत्रातून फाशीच्या शिक्षेविरुद्ध मोहीमच उघडली. पुढे ते विधानसभेत निवडून गेले, तेथेही त्यांनी हा विषय लावून धरला आणि 1853 मध्ये विस्कॉन्सिनने देहान्त शिक्षा कायद्याने रद्द केली. हा माणूस नुसता यंत्रात रमणारा नव्हता. हाती घेतलेली गोष्ट तो सहजासहजी सोडत नसे, आणि हा गुण पुढे फार उपयोगी पडला.

पुढे ते मिलवॉकी शहरात आले. तेथे संपादकपद झाले, टपाल खात्यात आणि बंदराच्या जकात खात्यात नोकऱ्या झाल्या. घरात दहा मुले होती. नोकरीतून मिळणारा रिकामा वेळ ते क्लाइनस्टॉयबर नावाच्या एका कारखानदाराच्या कार्यशाळेत घालवत. छापखानेवाले मित्र सॅम्युअल सोल यांच्याबरोबर त्यांनी पानांवर व तिकिटांवर क्रमांक उमटवणारे यंत्र तयार केले आणि 1866 मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याच कार्यशाळेत कार्लोस ग्लिडन नावाचे वकील नांगराच्या यंत्रावर खटपट करत असत. आकडे उमटवता येतात तर अक्षरे का नाही, हा विचार त्यांनी शोल्स यांच्या डोक्यात घातला. 1867 च्या उन्हाळ्यात एका विज्ञानविषयक नियतकालिकात लिहिणाऱ्या यंत्राबद्दल लेख आला आणि तिघे कामाला लागले.

पहिला प्रयोग अगदी साधा होता. तारायंत्राची एक कळ घेतली, तिला एकच अक्षर जोडले आणि कागदावर दाबून पाहिले. ते अक्षर डब्ल्यू होते असे सांगतात. आमच्या खेळाडू मुलांना हे वाचून गंमत वाटेल, कारण खेळात पुढे धावण्यासाठी त्यांचे बोट ज्या कळीवर दिवसभर असते ती हीच.

23 जून 1868 रोजी पेटंट मिळाले. त्या यंत्राच्या कळा पेटीच्या सुरांसारख्या होत्या, काळ्या-पांढऱ्या, दोन ओळींत आणि बहुतांशी वर्णानुक्रमाने लावलेल्या. शून्य आणि एक हे आकडे नव्हतेच, त्यांच्या जागी ओ आणि आय ही अक्षरे वापरायची. यंत्र चालत होते, पण जोरात चालवले की अडत होते. प्रत्येक कळ दाबली की एक दांडी वर उडून कागदावर आपटे. शेजारच्या दोन दांड्या पाठोपाठ उडाल्या की वाटेत एकमेकींत अडकत आणि लिहिणाऱ्याला थांबून त्या सोडवाव्या लागत.

याच सुमारास जेम्स डेन्समोर हे गृहस्थ आले. त्यांनी यंत्र न पाहताच 600 डॉलर देऊन धंद्यात चौथा हिस्सा घेतला होता. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र त्यांना त्यात दोषच दोष दिसले. सोल आणि ग्लिडन हळूहळू बाजूला झाले, शोल्स मात्र राहिले. डेन्समोर यांनी शक्कल काढली की ज्यांना दिवसभर वेगाने लिहावे लागते अशांनाच यंत्रे वापरायला द्यायची. वॉशिंग्टनचे जेम्स क्लेफेन न्यायालयात लघुलेखन करत. त्यांच्याकडे यंत्र पाठवले की ते काही दिवसांत मोडून ठेवत आणि सोबत दोषांची यादी धाडत. नवे पाठवले की तेही मोडत. शोल्स वैतागले. त्यांना ही टीका अन्यायाची वाटू लागली. डेन्समोर यांनी त्यांना समजावले की कारखान्यात मोडण्यापेक्षा आत्ताच मोडलेले बरे, आणि खरे सांगणारा माणूस मिळतो कुठे? पाचएक वर्षांत असे एकामागून एक कित्येक नमुने तयार झाले.

आमच्या मते कीबोर्ड घेणाऱ्याने या क्लेफेन महाशयांचा कित्ता गिरवावा. दांड्या गेल्या, पण अडकण्याचा दोष गेलेला नाही, त्याने फक्त रूप बदलले आहे. साध्या कीबोर्डमध्ये कळांखाली तारांची आडवी-उभी जाळी असते. काही ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की न दाबलेली चौथीही दाबल्यासारखी भासते. हा घोटाळा टाळण्यासाठी कीबोर्ड तिसरी कळ मोजतच नाही. पत्र लिहिताना हे कधी जाणवत नाही. खेळात मात्र तिरके पळत उडी मारून शस्त्र बदलायचे असते आणि नेमकी तेव्हाच कळ दगा देते. तेव्हा जेल रोडवर असो वा आणखी कुठे, दुकानात संगणकावर कोरे पान उघडावे, खेळात लागणाऱ्या दोन कळा दाबून धराव्यात आणि तिसरी दाबून अक्षर उमटते का ते पाहावे. निरनिराळ्या जोड्या लावून दोन मिनिटे हेच करावे. दिवे किती रंगांचे आहेत याचा खेळाशी काडीचा संबंध नाही. प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग असलेला, ज्याला मेकॅनिकल म्हणतात तो कीबोर्ड टिकाऊ असतो हे खरे. पण त्यातल्या टकटक आवाजाच्या जातीने रात्री घरातले आजी-आजोबा उठतील, तेव्हा तो घ्यायचा तर मुक्या कळांचा घ्यावा. उजवीकडची आकड्यांची पट्टी नसलेला आखूड कीबोर्ड घेतला तर माउसला हात फिरवायला जागा मिळते.

दांड्या अडकू नयेत म्हणून शोल्स यांनी कळांच्या जागा पुन्हा पुन्हा बदलल्या आणि चार ओळींची रचना आली. वरच्या ओळीची सुरुवात क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय अशी पुढे पक्की झाली. लिहिणाऱ्याचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी ही रचना केली असे सर्रास सांगितले जाते. आम्हाला ते पटत नाही. इंग्रजीत वारंवार जोडीने येणारी ई आणि आर ही अक्षरे तर खांद्याला खांदा लावून बसली आहेत! 2011 मध्ये क्योटो विद्यापीठातील अभ्यासकांनी दुसराच विचार मांडला. यंत्राचे सुरुवातीचे ग्राहक तारमास्तर होते. तारेच्या त्या वेळच्या अमेरिकन लिपीत झेड हे अक्षर एस-ई या जोडीसारखे ऐकू येई, म्हणून ही तिन्ही अक्षरे जवळजवळ ठेवली असावीत. यातले खरे-खोटे तज्ज्ञ पाहतील. पण वापरणाऱ्याचे ऐकून कळा हलल्या, ही गोष्ट शोल्स यांच्या एकंदर स्वभावाशी जुळते.

1 मार्च 1873 रोजी न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. ही कंपनी बंदुका आणि शिवणयंत्रे बनवी. 1865 मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यापासून बंदुकांना गिऱ्हाईक उरले नव्हते. शोल्स यांनी आपला हक्क सुमारे 12,000 डॉलरना विकून टाकला. डेन्समोर यांनी मात्र प्रत्येक यंत्रामागे हिस्सा मागून घेतला आणि ते पुढे श्रीमंत झाले. शोल्स यांना हिशेब कळत नव्हता असे नव्हे, पण इतक्या वर्षांच्या ओढाताणीनंतर हाती पडणारी रक्कम त्यांना मोठी वाटली असावी. दहा मुलांच्या बापाला आपण तरी काय दोष द्यावा!

1874 मध्ये यंत्र बाजारात आले. किंमत 125 डॉलर, अंगावर शिवणयंत्रासारखी फुले रंगवलेली, आणि ओळ संपली की पायाने दाबायची पट्टीसुद्धा! सगळी अक्षरे मोठ्या लिपीतली, आणि काय लिहिले ते लिहिताना दिसतच नसे. प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन यांनी त्याच वर्षी एक विकत घेतले, तरी खप यथातथाच होता. 1878 मध्ये शिफ्टची कळ असलेले दुसरे यंत्र आले, लहान-मोठी दोन्ही अक्षरे उमटू लागली आणि मग धंदा वाढत गेला. कचेऱ्यांची दारे त्यामुळे स्त्रियांना उघडली. शोल्स यांच्या एका मुलीचे यंत्रावर बसलेले छायाचित्र 1872 चे आहे, म्हणजे पहिल्या टंकलेखिकांत ती एक. आपल्याकडे मुंबईच्या गोदरेजने 1955 मध्ये भारतीय बनावटीचे टंकयंत्र काढले. देवनागरीच्या एका कळरचनेला तर अजूनही रेमिंग्टन असेच नाव आहे. इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत आत्या-मावशींनी टायपिंगच्या क्लासात जाऊन पहिली नोकरी मिळवली, ती याच यंत्राच्या बळावर.

कळांच्या ओळी एकाखाली एक सरळ नसतात, थोड्या सरकलेल्या असतात, हे मुलांनी पाहिले असेलच. डब्ल्यू कळ एसच्या बरोबर वर नाही, किंचित डावीकडे आहे. खालच्या दांड्यांना एकमेकींमधून वाट मिळावी म्हणून ती तशी केली गेली. दांड्या गेल्या, पण हे तिरकेपण दीड शतक टिकले आहे. डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर डावा हात ठेवून खेळण्याची पद्धत 1997 च्या क्वेक खेळाच्या स्पर्धेनंतर विशेष रूढ झाली. डेनिस फाँग हा तरुण ती स्पर्धा जिंकून फेरारी मोटार घेऊन गेला आणि सगळे त्याच्यासारख्या कळा लावू लागले. फ्रान्समध्ये मात्र कळांची रचना निराळी, म्हणून तेथील मुले झेड, क्यू, एस, डी वर बोटे ठेवतात.

माउस शोल्स यांच्या काळात नव्हता. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये पहिला माउस तयार केला. तो लाकडाचा होता, त्याला एकच बटण होते. माउस घेताना तो हातात धरून पाहावा, एवढेच आमचे सांगणे. लहान हाताला मोठा जड माउस म्हणजे मनगटदुखीला आमंत्रण. खोक्यावर डीपीआयचा आकडा पंचवीस हजार लिहिलेला असला तरी भुलू नये, नेमबाजीच्या खेळांतले अनेक निष्णात खेळाडू तो 400 ते 800 वरच ठेवतात.

शोल्स यांची प्रकृती शेवटपर्यंत नाजूक राहिली. क्षयाने ते वर्षानुवर्षे आजारी होते. पण अंथरुणावरही यंत्राचा विचार सुटला नाही. हक्क विकून झाले होते, नाव झाले होते, जगाने त्यांची कळरचना स्वीकारली होती, टंकलेखनाचे वर्ग ती शिकवू लागले होते. खुद्द शोल्स यांचे मात्र समाधान झाले नव्हते. त्यांनी कळांची अगदी वेगळी मांडणी करून नव्या पेटंटचा अर्ज 1889 मध्ये केला. 17 फेब्रुवारी 1890 रोजी मिलवॉकी येथे त्यांचे निधन झाले. पेटंट मंजूर झाले ते 1896 मध्ये, त्यांच्यामागे सहा वर्षांनी. त्यातली पहिली ओळ एक्स, पी, एम, सी, एच अशी सुरू होते. त्या रचनेचा कीबोर्ड आज कोणत्याही दुकानात मिळत नाही.